बांगडी कोणाच्या हाताने फुटते?

ज्येष्ठी पौर्णिमा आली म्हणजे ज्या गावात वडाचे झाड आहे त्या गावच्या सुवासिनी नटूनथटून वडाकडे जातात, त्याच्या बुंध्याभोवती सूत गुंडाळतात, फळांचे वाण देतात आणि हाच पती जन्मोजन्मी मिळावा असे मागतात. ज्या घरचा धनी वारला आहे त्या घरची बाई त्या दिवशी वडाच्या वाटेस जात नाही. तिला कोणी 'जाऊ नको' असे सांगावे लागत नाही. तिचे तिलाच कळते. हे कळणे आले कोठून? सुधारक म्हणतात, पुराणांनी स्त्रीला हे शिकविले. पुराणांचे अभिमानी म्हणतात, पुराणे निर्दोष आहेत, रूढी मागाहून शिरली. दोन्ही पक्ष मोठ्या आवेशाने भांडतात, आणि ती बाई उंबऱ्याच्या आतच राहते. आम्हांस वाटते की ह्या भांडणात मुख्य प्रश्न बाजूस पडतो. एखाद्या जुन्या कथेने जिवंत माणसाचे हात बांधले जातात काय? आणि जात असतील तर ती गाठ मारतो कोण?

प्रथम सावित्रीची कथाच पाहू. ती महाभारताच्या वनपर्वात आहे. सावित्री ही मद्र देशाचा राजा अश्वपती याची कन्या. तिच्या तेजामुळे कोणी मागणी घालीना, म्हणून पित्याने तिलाच रथात बसवून वर शोधण्यास पाठविले. राज्य गमावलेल्या आंधळ्या द्युमत्सेनाचा वनवासी पुत्र सत्यवान तिने निवडला. हा वर्षभरात मरणार असे नारदाने सांगितले, पित्याने दुसरा वर पाहा म्हटले, तरी तिने आपली निवड बदलली नाही. पुढे यम सत्यवानाचा प्राण घेऊन चालला, तेव्हा ती त्याच्या मागोमाग गेली. आणि शहाणपणाचे एकेक बोल बोलून तिने सासऱ्याची दृष्टी, त्याचे गेलेले राज्य, पित्याला शंभर पुत्र, स्वतःला शंभर पुत्र आणि शेवटी नवऱ्याचा प्राण, असे वर मिळविले. ह्या कथेत धैर्य आहे, बुद्धी आहे, आणि मुलीने आपला वर आपण निवडणे आहे, ज्या गोष्टीवरून आजही आपल्या देशात मुलींचे खून पडतात. वडाला सूत गुंडाळण्याचा विधी मात्र महाभारतातील ह्या कथेत नाही. तो पुढच्या व्रतकथांतून आला. आणि विधवेने कसे राहावे याविषयी तर तीत एक अक्षरही नाही, कारण सावित्री विधवा राहिलीच नाही.

मग वडाच्या वाटेवरून विधवेला मागे कोणी फिरविले? कथेने नव्हे, तर कथेवरून काढलेल्या एका अनुमानाने. ते अनुमान असे की, सावित्रीने आपल्या पुण्याईने नवरा परत आणिला. म्हणजे पत्नीच्या पुण्याईवर पतीचे आयुष्य अवलंबून आहे. म्हणजे जिचा नवरा वारला तिची पुण्याई उणी पडली. हे कोणी पोथीत लिहून ठेवले पाहिजे असे नाही. 'पांढऱ्या पायाची', 'आली आणि नवऱ्याला खाऊन बसली', असे चुलीपाशी म्हटले जाते तेव्हा हेच अनुमान बोलत असते. ज्यांनी ईयोबाचे पुस्तक वाचले आहे त्यांस ही विचाराची वाट ओळखीची वाटेल. त्याचे तिघे मित्र त्याच्याजवळ राखेत बसून असेच म्हणत होते की, एवढे दुःख आले त्या अर्थी काही तरी पाप असलेच पाहिजे. दुःखिताजवळ बसून त्याच्या दुःखाचा हिशेब त्याच्याच नावावर मांडणे ही खोड कोणत्या एका धर्माची नाही.

त्या कथेचा श्रोता कोण होता, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. मार्कंडेय ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगत आहेत. आणि युधिष्ठिर हा विधवेचा मुलगा. त्या वेळी त्याची आई कुंती हस्तिनापुरात विदुराच्या घरी राहत होती. पांडू वारला तेव्हा माद्री आपल्या इच्छेने त्याच्या चितेवर गेली, आणि नकुल-सहदेवांस तिने कुंतीच्या हाती दिले. कुंती मागे राहिली. तिने पाच पोरांना वाढविले. लाक्षागृहातून त्यांच्याबरोबर निसटली. एकचक्रा नगरीत परक्याच्या घरी राहत असता, यजमानाच्या कुटुंबावरील संकट टाळण्यासाठी भीमाला बकासुराकडे पाठविण्याचा निर्णय तिनेच घेतला. पुढे युद्धाच्या आधी कृष्णाच्या हाती मुलांना खडसावून निरोप धाडणारीही तीच. ह्या बाईला महाभारतात कोणी पांढऱ्या पायाची म्हटले नाही. सावित्रीची कथा ऐकताना युधिष्ठिराच्या मनात आपल्या आईविषयी कसलाही उणा विचार आला, असे व्यासांनी लिहिलेले नाही.

शोधू जाता अशा बायका आणखीही सापडतात. शंतनू वारल्यावर कुरुकुलाचा कारभार कोणत्या वाटेने न्यावयाचा हे सत्यवतीने ठरविले. दशरथ गेल्यावर त्याच्या तिन्ही राण्या अयोध्येत राहिल्या, आणि राम परतला तेव्हा त्याला ओवाळण्यास आईच्या नात्याने त्या हजर होत्या. वालीची पत्नी तारा पुढे सुग्रीवाची राणी झाली. लक्ष्मण संतापून किष्किंधेत आला तेव्हा त्याला शांत करण्यास तिलाच पुढे केले गेले. आणि प्रातःस्मरणात ज्या पाच स्त्रियांची नावे घेतात त्यांत ती आहे. पुराणांच्या बाहेर आपल्या इतिहासात येऊ. शहाजीराजे १६६४ साली वारले. त्यानंतर जिजाबाई दहा वर्षे होत्या आणि १६७४ चा राज्याभिषेक पाहून मगच त्यांनी डोळे मिटले. अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिले नाही, आणि त्याच सुनेने पुढे सुमारे २८ वर्षे असे राज्य केले की त्यांच्या नावाने आज एक सबंध जिल्हा ओळखला जातो. अहिल्यानगर हे नाव आता पाटीवर, दाखल्यावर, एसटीच्या फलकावर आहे. त्या फलकाखालून जाणाऱ्या किती विधवांना घरच्या हळदीकुंकवाचे बोलावणे असते, हा प्रश्न आम्ही येथे केवळ विचारून ठेवतो.

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संस्कृत ग्रंथांत विधवेविषयी कठोर वचने आहेत, आणि ती थोडी नाहीत. स्कंदपुराणाच्या काशीखंडात असे म्हटले आहे की विधवेने बांधलेली वेणी परलोकी तिच्या पतीला बंधन होते, म्हणून तिने केशवपन करावे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ह्या चालीचा शोध घेऊन ती फार उशिराची आहे आणि तिला वेदांचा व जुन्या स्मृतींचा आधार नाही असे दाखविले. तथापि उशिराचे असले तरी ते वचन लिहिले गेले, वाचले गेले, आणि हजारो मुलींच्या, कित्येकदा दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या, डोक्यांवरून वस्तरा फिरला. तेव्हा पुराणे सर्वस्वी निर्दोष होत असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला आम्हांस उभे राहता येत नाही. आमचे म्हणणे इतकेच की एकाच भांडारात कुंतीही होती आणि काशीखंडही होते. त्यांतून गावाने काय उचलले व काय तेथेच ठेवले, हे पाहिल्याशिवाय गावाचा न्याय होत नाही.

ह्याचा फार चांगला दाखला एका विसरलेल्या कथेत आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' ह्या पुस्तकात पुरुषांस विचारले होते की, सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली. बायकोसाठी त्या वाटेने गेलेला एक तरी पुरुष दाखवा. प्रश्न असा धारदार आहे की त्याला उत्तर नसावे असेच वाटते. पण महाभारताच्या आदिपर्वात उत्तर आहे. रुरू नावाचा ऋषिकुमार, च्यवनाचा नातू. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा लग्नाला थोडे दिवस उरले असता सर्पदंशाने मेली. रुरू रानात जाऊन आक्रोश करू लागला. देवांचा दूत त्याला म्हणाला, तू आपले अर्धे आयुष्य तिला दे, म्हणजे ती उठेल. त्याने क्षणाचाही विलंब न लावता दिले, यमधर्माने ते मान्य केले, आणि ती उठली. कथा सावित्रीच्या तोलाची आहे. त्यागाच्या मापाने पाहिले तर कदाचित काकणभर सरसच, कारण येथे देणारा स्वतःचे आयुष्य तोडून देतो.

आता सांगा, रुरूचे व्रत कोणत्या पौर्णिमेस असते? पुरुष कोणत्या झाडाला सूत गुंडाळतात? ज्याची बायको बाळंतपणात गेली त्या पुरुषाला, तू रुरूसारखे आपले अर्धे आयुष्य दिले नाहीस, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात आहे काय? त्याला वर्षाच्या आत दुसरी सोयरीक येते. दोन्ही कथा एकाच ग्रंथात, एकाच व्यासांच्या नावावर. एकीचे व्रत झाले, दुसरी पोथीत पडून राहिली. ही निवड व्यासांनी केली नाही. ती घरोघरी, पिढ्यानपिढ्या, ज्यांच्या सोयीची होती त्यांनी केली. ताराबाईंच्या प्रश्नाला ग्रंथात उत्तर असूनही समाजात तो प्रश्न खरा ठरतो, तो ह्याचमुळे.

आणि ही निवड नेहमी वरून खाली येते असेही नाही; पुष्कळदा खालचेच हौसेने वर चढून ती उचलतात. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींची चाल. कुणबी, महार, मांग, माळी, धनगर इत्यादी लोकांत पाट लावण्याची रीत जुनी होती. पाटाला लग्नाइतका मान नसे; तो रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता लागे; तरी विधवेला दुसरे घर मिळे. पण एखादे कुटुंब सुधारले, विहीर बांधली, मुलगा शिकला, मग ते म्हणू लागे की आमच्यात पाट लागत नाही. पाट बंद करणे ही प्रतिष्ठेची खूण झाली. घराण्याची इभ्रत वाढली, आणि तिची किंमत घरातल्या अठरा वर्षांच्या विधवा सुनेने भरली. ह्यात काशीखंड वाचलेला मनुष्य एकही नव्हता. शेजारच्या वाड्यात काय चालते ते पाहूनच ते झाले. म्हणून रूढीचे मूळ केवळ ग्रंथात शोधणाऱ्याला अर्धेच सापडते.

ग्रंथ काहीही म्हणो, त्याची अंमलबजावणी करण्यास हात लागतात. हे ज्यांनी ओळखले ते शास्त्री नव्हते. १८९० साली मुंबईत नाभिक बंधूंनी सभा भरवून ठरविले की विधवांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालविणार नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. फुल्यांनी स्वतः १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, फसलेल्या विधवांस बाळंतपणाला जागा दिली होती. त्या सभेचे महत्त्व आम्हांस असे वाटते. धर्मसभेत शास्त्री वाद घालीत होते की वपनाला आधार आहे की नाही. नाभिकांनी वादच घातला नाही. वचन खरे असो वा खोटे, वस्तरा आमच्या हातात आहे, आणि आम्ही तो खाली ठेवतो, एवढेच त्यांनी म्हटले. पुराणाचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. पण पुराणाला हात उसने द्यावयाचे की नाही, हा अधिकार त्यांचा होता आणि तो त्यांनी वापरला.

कायद्याची कथा लांब आहे, तरी थोडक्यात सांगतो. १८२९ साली बंगाल इलाख्यात सतीची चाल बंद झाली. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला, पण त्याच कायद्यात असे कलम होते की विधवेने दुसरे लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जावा. म्हणजे एका हाताने कुंकू दिले आणि दुसऱ्याने शेत घेतले. पंडिता रमाबाई, ज्या स्वतः विधवा होत्या, त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेथे शिकलेल्या विधवा गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली लग्न केले, आणि त्याबद्दल त्यांना गावाकडे बहिष्कार सोसावा लागला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहास कायद्याची मान्यता दिली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीचा वाटा व पूर्ण मालकी मिळाली. कागदावर आज कोणतेही मोठे दार तिला बंद नाही.

मग प्रत्यक्षात काय आहे? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४ कोटी ३० लाख विधवा मोजल्या गेल्या. विधुरांची संख्या त्यांच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरली. बायका अधिक वर्षे जगतात आणि नवऱ्याहून वयाने लहान असतात, हे त्याचे एक कारण; पुरुष पुन्हा लग्न करतात आणि बायका करीत नाहीत, हे दुसरे. हा दुसरा भाग आपल्या हातचा आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात कर्जापायी ज्यांनी जीव दिला त्यांच्या घरी जाऊन पाहावे. नवऱ्याच्या मरणाबरोबर कर्ज बाईकडे येते, पण सातबाऱ्यावर नाव सहज येत नाही. दीर म्हणतो, कागदाचे काय, तुला भाकरी आम्ही घालूच. पुढे केव्हा तरी हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला जातो, आणि भाकरीचाही हिशेब सुरू होतो. २०२० व २०२१ साली करोनाच्या साथीने तर पंचविशी-तिशीतल्या कितीतरी मुली एका आठवड्यात विधवा झाल्या; त्यांपैकी अनेकींना नवऱ्याचे प्रेतही दिसले नाही, पण बांगड्या फोडण्यास मात्र माणसे जमली.

त्याच साथीनंतर कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने एक गोष्ट केली. शाहू महाराजांच्या निधनास शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने ४ मे २०२२ रोजी त्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे ह्या प्रथा आमच्या गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्यशासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव साधा आहे. त्यात पुराणाचा उल्लेख नाही, पुराणाची निंदा नाही. जे काम १८९० साली नाभिकांनी वस्तऱ्याविषयी केले तेच ह्या गावाने बांगडीविषयी करण्याचे मनावर घेतले. त्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, आपल्या राज्याच्या एका मंत्र्यांनी विधवांच्या नावामागे 'गंगा भागीरथी' हा शब्द लावण्याविषयी विचार व्हावा असे सुचविले. हा शब्द नवा नाही. जुन्या पत्रिकांत 'गं. भा.' आपण पाहिलेच आहे. भगीरथाने गंगा आणिली, तिचे पावित्र्य विधवेस लाभावे, असा त्यातील भाव असेल. पण सबंध महाराष्ट्रातून बायकांनी विचारले की, आम्हांला ओळखण्यासाठी खूण हवीच कशाला? विधुराच्या नावामागे कोणती नदी लावणार? पुराणातला शब्द कितीही पवित्र असो, कपाळावरची पुसलेली जागा तो झाकू शकत नाही, हे त्या बायकांना मंत्र्यांहून अधिक कळले.

इथवर वाचून काही वाचक मनात म्हणत असतील की, हे सारे शेजारच्या आळीचे झाले. आपण वडाला सूत गुंडाळीत नाही, आपल्याकडे काशीखंड नाही. प्रिय वाचकहो, वडाला सूत गुंडाळीत नाही हे खरे. पण आपल्या मंडळ्यांतील किती घरांत धनी वारला त्या दिवशी बाईच्या हातात बांगड्या राहतात? क्रूस ओवलेले मंगळसूत्र किती गळ्यांत राहते? लग्नाच्या मंडपात मुलाच्या आईने, ती विधवा आहे म्हणून, नवरीला हळद लावण्यास पुढे यावयाचे नाही, ही रीत आपण कोणत्या शास्त्रातून घेतली? प्रेषितांच्या काळी मंडळीत पहिली कुरकुर झाली ती विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून, आणि त्यासाठी सात माणसे नेमावी लागली. आपल्याकडे सावित्रीची कथा नसताना सावित्रीच्या कथेवरून काढलेले ते अनुमान मात्र आहे. ह्यावरूनही दिसते की कथा गेली तरी रूढी जागच्या जागी राहू शकते. धर्म बदलतो, नाव बदलते, आणि अंत्यविधीच्या दिवशी जावा-नणंदा जमल्या म्हणजे हात पूर्वीच्याच वळणाने चालतात.

एका गावी असेच एका तरुण सुनेचे झाले, तेव्हा आम्ही तिच्या सासूच्या थोरल्या जावेस, सत्तरीच्या आजींना, एकीकडे विचारले की, आजी, हे तुम्ही का केलेत? त्या काही रागावल्या नाहीत. "पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "माझा मालक गेला तवा मी बावीस वर्सांची होते. माझ्याबी अशाच फोडल्या. माझ्या थोरल्या जावंनं फोडल्या, तिच्या तिच्या सासूनं. म्या काय नवं केलं?" त्या बाईंच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. आपल्यावर झाले ते पुढच्यावर करणे, ह्यालाच त्या रीत समजत होत्या. त्यांना सीतेची, सावित्रीची कथा विचारली असती तर त्यांनी अडखळतच सांगितली असती. पण बांगडी मनगटाच्या कोणत्या हाडावर आपटली म्हणजे लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि एवढे सांगून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "लई रडली पोरगी."

पुराणांवर खापर फोडणाऱ्यांना आणि पुराणांची कड घेणाऱ्यांना आमचे विचारणे आहे की, ह्या आजींना आपण काय सांगणार? काशीखंडाचे वचन प्रक्षिप्त आहे असे सांगितले तर त्या म्हणतील, असेल बाबा. सगळे पुराण खोटे आहे असे सांगितले तर त्या पदराने तोंड पुसून उठून जातील. त्यांच्याशी बोलावयाचे तर त्यांच्या हातांविषयी बोलले पाहिजे. त्या बावीस वर्षांच्या असताना त्यांचा हात ज्या हातांनी धरला होता, त्या हातांविषयी बोलले पाहिजे. हेरवाडच्या ठरावाचे मोल आम्हांस ह्यासाठी वाटते की, तो अशा आजींना निमित्त देतो. सारे गाव म्हणते म्हणून मी हात मागे घेतला, असे त्यांना चारचौघींत म्हणता येते. एकटीने रीत मोडणे सत्तरीच्या बाईला जड. पण गावाबरोबर ती मोडणे कदाचित तिला हवेच असेल.

एक आक्षेप राहिला, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल की, काही बाया स्वतःच सांगतात, माझा धनी गेला, मला आता काकणे नकोत, कुंकू नको. त्यांच्या प्रेमाची आणि दुःखाची ती खूण आहे, ती का हिरावून घेता? ह्यात सत्य आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे एका माणसाबरोबर संसार केला, तिला शृंगार नकोसा होणे स्वाभाविक आहे, आणि तिला बळेच बांगड्या भरणे हाही जुलूमच. परंतु आपल्या मनाने एखादी वस्तू उतरवून ठेवणे आणि चार जणींनी धरून ती फोडणे ह्यांत जे अंतर आहे ते त्या बाईस विचारले तर ती सांगेल. तिला उतरवायचेच असेल तर तिने महिन्याने उतरवावे, वर्षाने उतरवावे, आपल्या खोलीत, आपल्या हाताने; आणि पुढे पुन्हा घालावेसे वाटले तर घालावे. मृत्यूच्या दिवशी तिच्या मनगटाला कोणी हात लावू नये.

त्या दिवसांत हात लावावयास दुसरी कामे पुष्कळ असतात. मृत्यूचा दाखला काढावयाचा असतो. तीन महिन्यांच्या आत वारसाची खबर गावच्या महसूल कचेरीत द्यावयाची असते, आणि फेरफाराची नोंद होऊन मंडळ अधिकाऱ्याची सही होईपर्यंत तिचा पाठपुरावा करावयाचा असतो. ख्रिस्ती घर असेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसता आणि मुलेबाळे असता, विधवेचा वाटा एक तृतीयांश असतो, हे पुष्कळ घरांत कोणालाच ठाऊक नसते. मंडळीच्या पंचांपैकी एकाने आणि लिहिता-वाचता येणाऱ्या एका बहिणीने तिच्याबरोबर कचेरीत जावे. तेथे बाक पुरुषांनी भरलेले असतात, आणि बावीस वर्षांची मुलगी एकटी गेली तर तिला 'कोणाला तरी मोठ्या माणसाला घेऊन ये' असे म्हणून परत पाठवितात.